मुखपृष्ठ कुठे गेलं? जालन्यातून पाहिलेली मराठी चित्रांची आणि अक्षरांची गोष्ट

आजचा विषय चित्रकलेचा आहे, पण दालनात टांगलेल्या चित्रांचा नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ, दिवाळी अंकातलं रेखाटन, नाटकाच्या जाहिरातीतलं अक्षर, दुकानाची पाटी, बियाण्याची पिशवी अशा वस्तूंबद्दल आज बोलायचं आहे. यांना कुणी 'कला' म्हणत नाही. पण नवी कला आपल्या जिल्ह्यात आली ती यांच्याच पाठीवर बसून, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही दोघं-तिघं जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हे जवळपास सगळीकडे होतं. आम्हाला साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं पाहायची होती. ग्रंथपालांनी मोठ्या आस्थेने कपाटं उघडून दिली. पुस्तकं होती, भरपूर होती. पण सगळी एकसारखी. तपकिरी पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी, पट्टीवर हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. पुस्तक खिळखिळं झालं की ते बायंडरकडे जातं, बायंडर जीर्ण कव्हर फाडून टाकतो, कडा कापतो, खळ लावून नवा पुठ्ठा चढवतो. पुस्तक आणखी वीस वर्षं टिकतं. त्यात चूक कुणाचीच नाही. वाचनालयाला मजकूर वाचवायचा होता, तो त्यांनी वाचवला. आम्ही विचारलं, कव्हरं कुठे ठेवलीत? ते म्हणाले, "कव्हर ठेवून काय करायचं हो? आत नाव आहेच की."

खरंच आहे. आत नाव असतं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं. चित्रकाराचं नाव असलंच तर आतल्या पानावर बारीक टायपात, 'मुखपृष्ठ' असा शब्द आणि त्यापुढे एक आडनाव. म्हणजे आमच्या कपाटात आता अशी शेकडो पुस्तकं आहेत, की ज्यांत चित्रकाराचं नाव आहे आणि चित्र नाही.

यात एवढं बिघडलं काय, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे शाळेत शिकलोच आहोत. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिकवण्याचं माध्यमच उर्दू होतं. आता उर्दू छपाईची एक गंमत लक्षात घ्या. नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही, अक्षरं तिरपी एकमेकांवर उतरत येतात. म्हणून उर्दू पुस्तकं दगडी छापखान्यात निघत, आणि त्यांचं प्रत्येक पान कातिब हाताने लिहून देत असे. मराठीत उलट. मुंबईला जावजी दादाजींच्या निर्णयसागरने शिशाचा सुबक टाइप घडवला आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला छापील अक्षराचं वळण लागलं. म्हणजे जालन्यातल्या साक्षर माणसाला देखणं अक्षर म्हणून समोर दिसे ते कातिबाचं, बोरूने लिहिलेलं. मराठी अक्षर दिसे ते बाहेरून आलेल्या पुस्तकात, खिळ्याचं.

चित्रांची गोष्ट तर याहून विचित्र. अजिंठा आपल्या शेजारी, तेव्हा निजामाच्याच मुलखात. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली, आणि तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून नेत होते. त्या मोठमोठ्या प्रतिकृती लंडनला गेल्या, त्यातल्या बऱ्याच तिथल्या आगीत जळाल्या. मुंबईची कलाशाळा अशी मराठवाड्यातल्या लेण्यांवर हात बसवून वाढली. मराठवाड्यात मात्र कलाशाळा नव्हती, चित्रदालन नव्हतं. इथून चित्र गेलं. परत आलं ते पन्नास-साठ वर्षांनी, छापील होऊन, पार्सलच्या डब्यातून.

पार्सलचा डबा हे मी नुसतं बोलण्याच्या ओघात म्हणत नाही. मनमाडहून निघणारी आपली लाइन निजामाच्या काळातली, मीटर गेज. मुंबईहून आलेला गठ्ठा मनमाडला रुंद गाडीतून अरुंद गाडीत चढवावा लागे. नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत हे असंच चालू होतं. दिवाळी अंक मुंबईत दिसायचे आणि इथे दिवाळी उलटून गेली तरी वाट पाहावी लागायची, ही आठवण इथल्या कितीतरी जुन्या वाचकांनी आम्हाला सांगितली.

काय असायचं त्या गठ्ठ्यात?

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने काढला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण चित्रांच्या बाजूने पाहिलं तर आम्हाला १९२० हे साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी निघालेलं पत्रक पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं, आणि त्यात चित्र ही शोभेची वस्तू राहिली नाही, ती मजकुराच्या बरोबरीने बोलू लागली. शेतकऱ्याला नांगर विकायला निघालेल्या कागदातून हे झालं, एवढं ध्यानात ठेवा. पुढे बियाण्यापाशी आलो की त्याचा उपयोग आहे.

मग दीनानाथ दलाल. जन्म १९१६, मूळचे गोव्याचे, शिक्षण जे. जे.मध्ये. १९४५ साली त्यांनी स्वतःचं 'दीपावली' काढलं. त्यांचेच समकालीन रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचे. मुळगावकरांनी काढलेले देव कॅलेंडरांतून घराघरांत गेले. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी देवघरांत आजही फ्रेम केलेला जो मऊ, तेजाळ चेहऱ्याचा देव आहे, तो छपाईच्या कागदावरून आलेला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही मुळगावकरांचीच. म्हणजे देवघरात तेच आणि उशीखाली लपवलेल्या पुस्तकावरही तेच! या दोघांना पुढे समीक्षकांनी 'कॅलेंडर आर्ट' म्हणून जरा नाकं मुरडली. आम्हाला ते अन्यायाचं वाटतं. जिथे दुसरं काही येतच नव्हतं, तिथे रंग कसा पसरतो, उजेड गालावर कसा पडतो हे लोकांनी या दोघांकडून पाहिलं.

आता जरा तांत्रिक भाग, पण तो टाळून चालणार नाही. तेव्हाची छपाई ब्लॉकची. रंगीत चित्र छापायचं तर तिरंगी ब्लॉक करावा लागे. तीन रंगांचे वेगळे ब्लॉक, कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा, आणि रंग जरा सरकला की चेहऱ्याला दोन नाकं. खर्च मोठा. दिवाळी अंक वर्षातून एकदा तो खर्च झेपवत असे. पण हजार-दोन हजार प्रतींच्या कथासंग्रहाला तो कुठून परवडणार? तिथे साधा रेषेचा ब्लॉक, फार तर दोन रंग. या तंगीतूनच मराठीतली एक वेगळी चित्रभाषा उभी राहिली, असं आमचं मत आहे.

वसंत सरवटे घ्या. १९२७ ते २०१६. व्यवसायाने स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली त्यांची माणसं आठवा. छत्री, धोतराचा सोगा, वाकलेली मान. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' नावाने लिहायचे, त्या ठणठणपाळाला शरीर दिलं सरवट्यांनी. काळी रेषा आणि मोकळा कागद, एवढंच भांडवल. तसेच बाळ ठाकूर. मौज, पॉप्युलरच्या पुस्तकांवर त्यांची चार-दोन रेषांत उभी राहिलेली मुखपृष्ठं असत. कथेतला प्रसंग रंगवून दाखवायचा नाही, पुस्तकाचा स्वभाव सांगायचा. ज्याने पिकासोचं नावही ऐकलेलं नाही अशा अंबडच्या किंवा भोकरदनच्या वाचकाने पहिल्यांदा 'हे माणसासारखं दिसत नाही, पण माणूसच आहे' हा अनुभव घेतला, तो अशा कव्हरावर. आधुनिक चित्रकलेशी ओळख म्हणतात ती हीच. दारावर तिकीट नाही, वर्गणी काय ती महिन्याची.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अनुदान मिळू लागलं, गावोगावची वाचनालयं सावरली. आमच्या हिशेबाने ती वाचनालयं हीच मराठवाड्याची चित्रदालनं होती. फक्त तसं कुणी म्हटलं नाही. म्हणून तर बायंडरचं काय चुकलं हे कुणाला कळलं नाही.

अक्षराकडे वळू. कमल शेडगे, १९३५ ते २०२०. कलाशाळेची पायरी न चढलेला माणूस. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहात नोकरी आणि बरोबरीने मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं. वर्तमानपत्रात जाहिरातीचे पैसे जागेवर मोजतात, त्यामुळे जागा बोटभर. चित्राला वाव नाही. मग नाटकाचं नावच असं लिहायचं की ते विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की रहस्यमय, हे वाचायच्या आधी दिसावं. शिरोरेषा तोडायची, वेलांटी लांब ओढायची, एखाद्या अक्षराला कलंडू द्यायचं. मुंबईचं वर्तमानपत्र इथे शिळं होऊन यायचं. त्यातली नाटकं इथे येतील याची खात्री नसायची. आमच्यातल्या एकांच्या वडिलांनी त्या जाहिराती कापून वहीत चिकटवल्या होत्या. त्यातलं एकही नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी नाटकांची अक्षरं पाहिली होती, आणि विचारलं की कोणतं नाटक कसं असेल ते अगदी छातीठोक सांगायचे.

ती वही आमच्याकडे आहे. (इथे वहीची पाने पडद्यावर दाखवली.) डिंक पिवळा पडलाय, पण अक्षरं पाहा.

दुसरीकडे मुंबईत जाहिरातीच्या धंद्यातच दोन कवी काम करत होते. दोघंही जे. जे.शी संबंधित. एक अरुण कोलटकर. १९५४ च्या सुमारास त्यांनी आणि दिलीप चित्र्यांनी मित्रांबरोबर 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं, सायक्लोस्टाइल करून. छापखान्याचे पैसे नाहीत तर सायक्लोस्टाइल, हा मार्ग पुढे साठच्या दशकात सगळ्या लघु अनियतकालिकांनी धरला. आपल्या शेजारी औरंगाबादेत भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' निघालं, गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघालं. जालन्यापासून साठ किलोमीटरवर. मुंबईची मक्तेदारी इथे थोडी ढिली झाली. कोलटकर जाहिरातीत कला-दिग्दर्शक म्हणून नावाजलेले, त्यामुळे कवितेचं पान म्हणजे काय याचा विचार त्यांच्याकडे डोळ्याने झालेला होता. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तकं हातात घेऊन पाहा. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ चं, 'भिजकी वही' २००३ चं. ओळ कुठे तोडली, समास किती सोडला, कोरा कागद किती ठेवला, हे सगळं कवितेच्या अर्थात धरलेलं आहे. अशी पुस्तकं बायंडरकडे गेली आणि कडा कापून आली की नुसतं कव्हर जात नाही, समासही जातो. कवितेचा एक तुकडा कापला जातो म्हणा ना.

दुसरे र. कृ. जोशी, १९३६ ते २००८. कवी, सुलेखनकार, जाहिरातीतून पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. त्यांचं नाव इथे फार थोड्यांना माहीत आहे. पण त्यांचं अक्षर आपल्यातल्या प्रत्येकाने वाचलेलं आहे. संगणकावरचा 'मंगल' फॉन्ट त्यांचा, विंडोज २००० बरोबर आलेला. तहसीलमधून आलेली नोटीस, शाळेचं परिपत्रक, कुठलीतरी निविदा, कितीतरी कागद मंगलमध्ये असतात. मराठी चित्रकारांपैकी जालन्यात सगळ्यात जास्त कुणाचं काम पोहोचलं असं विचारलंत, तर मुळगावकरांच्या देवांनंतर आम्ही या नोटिशीतल्या अक्षराचं नाव घेऊ. कुणी फ्रेम करत नाही, एवढाच फरक.

आता आपल्या शहरात येऊ. 'जालना सोने का पालना' म्हणतात. पालना आहे तो बियाण्याचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, पुढे १९९८ ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि शहर बियाण्याचं झालं. कृषी सेवा केंद्रात जाऊन भिंतीकडे पाहा. भेंडी, मिरची, सरकी, टोमॅटोच्या पिशव्या दोरीवर लटकवलेल्या असतात. या पिशवीवरचं चित्र कसं असतं ते नीट पाहिलंय का? मिरची झाडावर असते तशी नसते. ती जरा जास्त लाल, जास्त सरळ, एकाही पानाला भोक नाही. ते पुढच्या चार महिन्यांचं चित्र आहे. शेतकरी उधार-उसनवार करून त्या चित्रावर पैसे लावतो. मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या चित्रावर माणूस एवढी जोखीम घेत असेल, आम्हाला आठवत नाही.

आणि त्याच पिशवीला दुसरी एक गोष्ट शिवलेली असते, लेबल. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर ही व्यवस्था पक्की झाली. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळं लेबल, पायाभूतला पांढरं, प्रमाणितला निळं, सत्यप्रतला हिरवट. वाचता न येणाऱ्या माणसालाही रंगावरून बियाण्याची पायरी कळावी. चित्र भुरळ घालतं आणि लेबल हिशोब सांगतं. एकाच पिशवीवर दोन्ही. फसवणुकीच्या हंगामात शेतकऱ्याचं सगळं भांडण या दोहोंच्या मधल्या अंतरावर चालतं, आणि पंचनाम्याला पिशवी आणि लेबल जपून ठेवलेलं असेल तरच त्याची बाजू उभी राहते. ग्राफिक डिझाइन ही शहरी चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा खरिपाच्या तोंडावर मोंढ्यात यावं. नांगराच्या पत्रकापासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत चित्र शेतकऱ्याच्या मागे-पुढेच चाललेलं आहे.

या पिशव्यांवरची जुनी चित्रं कुणी काढली? नावं कुठेच नाहीत. पेरणी झाली की पिशवी बांधावर.

पाट्यांचंही तेच. आम्ही एका वयस्कर पेंटरांकडे दोन दुपारी बसलो. ते देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही लिहायचे. उर्दू शिकले घरातल्या मोठ्यांकडून, देवनागरी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी. खडूच्या दोरीने आधी दोन रेघा मारायच्या, मग कच्चं अक्षर, मग ऑइलपेंट, शेवटी शेड. पैसे अक्षरावर. "काना-मात्रा-वेलांटी फुकट," ते हसून म्हणाले. त्यांच्या देवनागरीतला 'र' किंचित उजवीकडून डावीकडे झुकल्यासारखा वाटतो. आम्ही विचारलं, हे उर्दूमुळे का? म्हणाले, "असेल. हाताला काय, तो एकच आहे." फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं काम बसलं. फ्लेक्सवाल्याकडे संगणक, त्यात श्रीलिपीचे ठरावीक फॉन्ट, आणि वाढदिवसाचे फोटो. तेव्हापासून शहराच्या सगळ्या भिंती एकाच आवाजात बोलायला लागल्या.

पण इथेच गोष्ट संपली असं म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट मोफत खुले केले आहेत. अच्युत पालव जुन्या पोथ्या आणि मोडीचं वळण अभ्यासून नव्या पिढीला बोरू धरायला शिकवत आहेत. परवा मंठ्याच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर 'बलू'मधलं गुबगुबीत अक्षर दिसलं. टपरीवाल्या पोराला विचारलं, कुठून आणलंस? म्हणाला, फोनवर शोधलं, यातलं 'चहा' मस्त दिसत होतं. शेडगे यांना हे उत्तर आवडलं असतं.

आता आम्ही काय करतोय ते सांगतो आणि थांबतो. वाचनालयांना आमची एवढीच विनंती आहे की पुस्तक बांधायला द्यायच्या आधी मुखपृष्ठाचा फोनवर एक सरळ फोटो काढा, पुढचा आणि मागचा, आणि दाखल क्रमांकाच्या नावाने तो जपून ठेवा. जमलं तर बायंडरला सांगा की कव्हर आतल्या बाजूने चिकटव. खर्च खळीचा. काही ग्रंथपालांनी लगेच हो म्हटलं, काही म्हणाले वरून पत्र आणा. पत्रासाठीही प्रयत्न चालू आहे. आणि ज्यांच्या घरी जुने दिवाळी अंक, बियाण्याच्या जुन्या पिशव्या, नाटकाची पत्रकं पडून आहेत, त्यांनी रद्दीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवावीत.

शेवटी हा एक कागद. (पडद्यावर कागदाचा तुकडा.) त्याच वाचनालयाच्या बायंडरकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. तो जुनी कव्हरं फेकत नाही, असं निघालं. पुठ्ठ्याच्या पाठीला आतून अस्तर म्हणून जाड कागद लागतो, त्यासाठी तो ती पट्ट्या कापून वापरतो. एका फाटलेल्या खतावणीची पाठ त्याने आमच्यासमोर उसवली आणि आतून हे बाहेर आलं. हिरव्या रंगाचा सपाट भाग, त्यावर जाड काळी रेष, बहुधा कुणाचातरी खांदा, आणि खाली कोपऱ्यात चित्रकाराच्या सहीची शेवटची दोन अक्षरं. कोणतं पुस्तक, कुणाचं चित्र, आम्हाला अजून लागलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ते आख्खं असेल तर कळवा.